दौरोचे दगड आणि दफ्तर

स्पेनच्या पठारावर उगम पावून पश्चिमेकडे वाहत जाणारी आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळणारी दौरो नदी पोर्तुगालच्या उत्तर भागातील ज्या डोंगराळ मुलखातून वाट काढते, तो मुलूख प्रथम पाहणाऱ्याला येथे कोणी द्राक्षवेल लावण्याचे साहस करील असे वाटणार नाही. समुद्रावरून येणारे पावसाचे ढग मारांव पर्वताच्या रांगेने अडवलेले. उतार असे उभे, की त्यावर औत चालणे दूरच, माणसाला पाय रोवून उभे राहणेही कठीण. आणि हवामान असे विषम, की ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ ही म्हण तेथील लोकांच्या तोंडी कायमची बसलेली. माती म्हणावी अशी माती येथे नाहीच. शिस्ट नावाचा, पापुद्र्यांवर पापुद्रे रचल्यासारखा खडक तेवढा सर्वत्र आहे. परंतु या खडकाच्या फटी बहुतेक उभ्या असल्यामुळे वेलीची मुळे त्यांतून खोलवर उतरून उन्हाळ्यातही ओलावा गाठतात, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री आपली ऊब घडांना देत राहतो.

असे असले, तरी या प्रदेशाचे वैशिष्ट्य निसर्गाने आयते दिले असे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पहारींनी, आणि पुढे सुरुंगाच्या दारूने, खडक फोडावयाचा, त्याचा चुरा करून तीच माती मानावयाची, आणि ती पावसाळी लोंढ्यांत वाहून जाऊ नये म्हणून निघालेल्या दगडांचेच चुन्यावाचून गडगे रचीत डोंगर माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचा करावयाचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यासाठी सरहद्दीपलीकडच्या गॅलिशिया प्रांतातून मजुरांच्या टोळ्या येत. द्राक्षांनी भरलेल्या जड टोपल्या पाठीवर घेऊन त्याच उतारांवरून ओळीने खाली उतरणारे आणि नंतर ग्रॅनाइटच्या हौदांत मांडीपर्यंत रसात उभे राहून तासन्‌तास द्राक्षे तुडवणारे लोक याच वर्गातले होते. व्यापाराच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. त्यांनी रचलेले गडगे मात्र अजून उभे आहेत.

या श्रमाला बाजारपेठ मिळाली ती राजकारणामुळे. फ्रान्सशी वैर असल्यामुळे इंग्लंडला फ्रेंच मद्य दुर्मीळ झाले, आणि १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्रजी लोकरी कापडाच्या बदल्यात पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याच्या मानाने एक तृतीयांशाने कमी राहील असे ठरले. पोर्तोमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्याच, त्यांची आता भरभराट झाली. सपाट तळाच्या आणि चौकोनी शिडाच्या राबेलो नावाच्या होड्यांतून, खडकाळ पात्रातील खळाळ चुकवीत, पिंपे खाली येऊ लागली. समुद्रप्रवासात मद्य बिघडू नये म्हणून त्यात प्रथम थोडीशी ब्रँडी मिसळीत. पुढे रस आंबत असतानाच ती घालण्याची रीत पडली. तीव्र मद्यार्काने किण्वक्रिया मध्येच थांबते, द्राक्षांतील साखर शिल्लक राहते, आणि गोड, दाट व दीर्घायुषी असे पोर्ट नावाचे मद्य तयार होते.

मागणी वाढली तसा लोभही वाढला. कमअस्सल द्राक्षांच्या रसाला रंग यावा म्हणून त्यात एल्डर नावाच्या झाडाच्या फळांचा अर्क आणि गोडीसाठी साखर घालण्याचे प्रकार सर्रास होऊ लागले. मालाची अब्रू गेली, भाव कोसळले, आणि दोष कोणाचा यावरून बागायतदार व इंग्रज पेढीवाले एकमेकांकडे बोटे दाखवू लागले. या वेळी राज्याची सूत्रे सेबास्तियांव जुझे द कार्व्हालो, म्हणजे पुढे मार्केस द पोंबाल या पदवीने प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या हाती होती. १७५५ च्या भूकंपाने जमीनदोस्त झालेली लिस्बन राजधानी सावरीत असतानाच १० सप्टेंबर १७५६ रोजी त्याने राजाच्या सनदेने आल्तो दौरोच्या द्राक्षबागांसाठी एक कंपनी स्थापन करविली. मद्यप्रदेशाची हद्द ठरवण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. तस्कनीत १७१६ सालीच तसे फर्मान निघाले होते. परंतु पोंबालने हद्दीच्या जोडीला पाहणी, प्रतवारी, भाव आणि शिक्षा ही सारी अंगे बसवली. हद्दीवर ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले गेले; निर्यातीस योग्य मद्याचा मुलूख वेगळा आणि देशी खपाच्या मद्याचा वेगळा केला गेला; एल्डरची झाडे उपटून टाकण्याचे हुकूम सुटले.

या शिस्तीची किंमतही नोंदवली पाहिजे. पोर्तो शहरातील किरकोळ मद्यविक्रीचा मक्ता कंपनीकडे गेल्यामुळे लहान गुत्तेवाले आणि त्यांच्यावर पोट असलेले लोक १७५७ च्या फेब्रुवारीत रस्त्यावर उतरले, आणि त्या एका दिवसाच्या दंग्याबद्दल वीसहून अधिक स्त्रीपुरुषांना मृत्युदंडाची शिक्षा ठोठावण्यात आली. ज्या मंत्र्याच्या राजवटीत १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन काही वर्षांपुरते का होईना बंद झाले, त्याच मंत्र्याने आपल्या देशातील गरिबांवर हा फास आवळला, हे ध्यानात ठेवल्यावाचून त्याच्या थोरपणाचे माप घेता येत नाही. सनदेने मालाची अब्रू सावरली यात शंका नाही. पण तिचा मोठा लाभ मोठ्या बागवाल्यांच्याच पदरी पडला.

पुढच्या शतकात जोझेफ जेम्स फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याने दौरोचा अत्यंत तपशीलवार नकाशा १८४८ मध्ये प्रसिद्ध केला. पोर्टमध्ये ब्रँडी घालूच नये, असा त्याचा आग्रह होता. बाजाराने तो मानला नाही, पण नदीवर त्याच्याइतके निस्सीम प्रेम क्वचितच कोणी परकीयाने केले असेल. १८६१ मध्ये वालेइरा येथील खळाळात होडी उलटून तो याच नदीत बुडाला. त्याच सुमारास फिलॉक्सेरा नावाची, वेलीची मुळे शोषणारी अमेरिकन कीड दौरोत शिरली, आणि दोन-तीन दशकांत डोंगरच्या डोंगर वठले. उपायही अमेरिकेतूनच आला. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार आज ज्या रीतीने खुंटावर कलम भरतात, त्याच रीतीने तेथे अमेरिकन खुंटांवर देशी वेलींची कलमे बांधली गेली. ज्यांना हा खर्च झेपला नाही त्यांच्या पायऱ्या ओसाड पडल्या, आणि काटेरी झुडपांनी व्यापलेले ते बांध आजही दिसतात.

विसाव्या शतकात दगडाचे काम पूर्णपणे दफ्तराकडे आले. १९२६ च्या कायद्याने पोर्टची निर्यात पोर्तोसमोरच्या, नदीपलीकडील गाया गावातील वखारींतूनच व्हावी असे ठरले. त्यामुळे डोंगरातील लहान बागायतदाराला आपल्या नावाने परदेशी माल धाडणे अशक्य झाले, आणि हे बंधन १९८६ पर्यंत टिकले. १९३२ मध्ये बागायतदारांचा संघ स्थापन झाला, आणि १९४० च्या दशकात बागांची सविस्तर मोजणी झाली. उंची, उतार, दिशा, माती, दगडाचे प्रमाण, वेलीचे वय, द्राक्षाची जात अशा कसोट्यांवर प्रत्येक तुकड्याला गुण देऊन ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत दर्जे ठरले, आणि त्या दर्जाप्रमाणे कोणत्या बागेतील किती रसाचे पोर्ट करता येईल याचा परवाना दरसाल मिळू लागला.

पुढे नदीवर धरणे झाली, खळाळ पाण्याखाली गेले, राबेलो होड्या माल वाहीनाशा झाल्या, आणि २००१ मध्ये युनेस्कोने या मानवनिर्मित डोंगरांना जागतिक वारशाचा मान दिला. दर्जांची वही मात्र चालूच आहे. परवान्यात बसणाऱ्या द्राक्षांना पोर्टचा चढा भाव मिळतो. परवान्याबाहेरची द्राक्षे, ती त्याच वेलीची आणि त्याच माणसाने त्याच उतारावरून उतरवलेली असली, तरी साध्या मद्यासाठी पुष्कळ कमी दराने जातात, आणि गडगा कोसळला तर तो पुन्हा रचण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला या दोन भावांच्या मेळातूनच काढावा लागतो.