परीस काय करू शकत नाही?

सुपरमॅनला लोळवणारं क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत जन्मलं. म्हणजे आपल्यासारखंच, ऐकणाऱ्यांसाठी. पण मी गेवराईचा. काल्पनिक दगड म्हटलं की मला आधी परीस आठवतो.

शेजारच्या जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात परिसाचे दृष्टान्त येतात. नियम सोपा : लोखंडाला लागला की सोनं. पण परीस दुसरा परीस घडवू शकत नाही. म्हणून तर संत म्हणतात, गुरू परिसाहून मोठा. तो शिष्याला आपल्यासारखंच करतो.

आता नामदेवांची कथा. इतिहास म्हणून नव्हे, परंपरेतली गोष्ट म्हणून ऐका. परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला. भागवत चिडले. नामदेवांनी वाळवंटातले ओंजळभर खडे दिले, सगळेच परीस!

वाकांडा आपलं व्हायब्रेनियम जगापासून लपवतं, कारण दुर्मिळ खनिज म्हणजे सत्ता. नामदेव उलट करतात. सगळेच खडे परीस झाले, तर सोन्याला विचारतो कोण?

कथा लिहिणाऱ्यांनो, तुमच्या दगडाला काय जमत नाही, ते आधी ठरवा. मग तो कुणाला हवाय, ते बघा. आमच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. माणसाचं नावच लोखंडाचं झालं, तिथं परिसाची गोष्ट नुसती करमणूक राहत नाही.

भेटू पुढच्या भागात.