वादळाच्या वाटेवरची ‘डोरोथी’

१० मे १९९६ रोजी प्रदर्शित झालेला, यान द बाँट दिग्दर्शित ‘ट्विस्टर’ हा चित्रपट उन्हाळी आपत्तिपटांच्या परंपरेतला मानला जातो. परंतु त्याचे मोल ओळखायचे, तर ज्या शास्त्रीय धडपडीतून त्याचे कथानक उगवले, तिचा इतिहास आधी पाहावा लागतो. ‘ट्विस्टर’ हे टोर्नेडोचे अमेरिकी बोलीतले नाव आहे. टोर्नेडो म्हणजे समुद्रावर जन्मून शेकडो किलोमीटर पसरणारे चक्रीवादळ नव्हे आणि तापलेल्या माळावर उठणारी वावटळही नव्हे. गडगडाटी वादळाच्या अजस्र मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, बहुधा काही मिनिटेच टिकणारा असा तो हवेचा प्रचंड वेगवान भोवरा असतो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि पश्चिमेकडची कोरडी हवा ओक्लाहोमा, कॅन्सस व टेक्सासच्या मैदानांवर एकमेकींना भिडतात, त्यामुळे तेथे वसंत ऋतूत असे भोवरे वारंवार उठतात.

या वादळांचे भाकीत दीर्घकाळ अशक्यप्राय समजले जात असे. ओक्लाहोमातील टिंकर हवाईदल तळावर २० मार्च १९४८ रोजी टोर्नेडो आदळल्यानंतर अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या हवाईदलाच्या दोन अधिकाऱ्यांनी हवामानाच्या नोंदी तपासल्या, आणि अवघ्या पाच दिवसांनी तशीच लक्षणे दिसताच त्यांनी दिलेला इशारा त्याच संध्याकाळी खरा ठरला. पुढे २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी येथील टोर्नेडोचा जन्मापासून अंतापर्यंतचा प्रवास संशोधकांनी जवळून चित्रित केला, तर त्याच वेळी डॉप्लर रडारने, म्हणजे परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वाऱ्याचा वेग सांगणाऱ्या यंत्राने, मेघातील फिरकी टिपली. तथापि दूरच्या रडारला जमिनीलगतचे वारे दिसत नसत. शिकागो विद्यापीठाच्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली सुप्रसिद्ध श्रेणीही वारा मोजून नव्हे, तर मागे उरलेल्या पडझडीवरून वादळाचा जोर ठरवीत असे.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘टोटो’ नावाचे पिंपाच्या आकाराचे एक जड उपकरण तयार करण्यात आले. ते टोर्नेडोच्या वाटेत ठेवून निघून जावे, आणि वादळ त्यावरून गेले की वारा, दाब व तापमान यांची नोंद हाती यावी, अशी कल्पना होती. हॉवर्ड ब्लूस्टाइन आदी संशोधकांनी अनेक हंगाम त्यासाठी रस्ते तुडवले. परंतु भोवऱ्याची नेमकी वाट साधली नाही, १९८४ मध्ये एका वादळाच्या कडेच्या वाऱ्याने उपकरण उलटले, आणि पुढे ते निवृत्त झाले. ‘टोटो’ हे नाव १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधील कुत्र्याच्या नावाशी जुळवून घेतले होते, म्हणूनच मायकल क्रायटन आणि ॲन-मरी मार्टिन यांनी लिहिलेल्या ‘ट्विस्टर’मध्ये तशाच उपकरणाला त्या कुत्र्याच्या धनिणीचे, डोरोथीचे, नाव मिळाले.

जुन्या चित्रपटातला टोर्नेडो मलमलीच्या लांब नळीचा होता, तर ‘ट्विस्टर’मधला ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेने संगणकावर घडवला, आणि त्याच्या घोंघावण्यात उंटाचे कण्हणे मंद करून मिसळले गेले. मात्र चित्रपटाचे खरे बळ हेलन हंट व बिल पॅक्सटन यांनी उभ्या केलेल्या जो आणि बिल या संशोधकांत आहे. आपत्तिपटांत माणसे सहसा संकटापासून पळतात. येथे ती मोजमाप घेण्यासाठी त्याच्या दिशेने धावतात, उपकरण पडले की पुन्हा मांडतात, आणि त्यातील संवेदक हवेत उडावेत म्हणून शीतपेयांचे डबे कापून त्यांना पाती लावतात. पट्ट्यांनी स्वतःला पाइपला बांधून सर्वांत भीषण टोर्नेडोतून वाचण्याचा शेवटचा प्रसंग शास्त्राला मुळीच मान्य होणारा नाही. तरीही अपयशानंतर पुन्हा गाडी काढणाऱ्या संशोधकाची जिद्द या चित्रपटाने जितक्या आपुलकीने दाखवली, तितकी क्वचितच कोणी दाखवली असेल.

उपकरण टोर्नेडोत पोचवण्याचे पडद्यावरचे यश प्रत्यक्षात २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या गावाजवळ लाभले. टिम समारास या संशोधकाने रस्त्यावर ठेवलेले, ‘टोटो’सारखे उंच नसून जमिनीला चिकटून बसणारे बसके शंक्वाकृती उपकरण टोर्नेडोखाली सापडले, जागचे हलले नाही, आणि त्याने हवेच्या दाबात झालेली १०० मिलिबारची घट नोंदवली. हेच समारास ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनोच्या टोर्नेडोत मृत्युमुखी पडले, तेव्हा या विद्येची किंमतही जगाला दिसली. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिल पॅक्सटन यांचे निधन झाले, त्या वेळी वादळांचा पाठलाग करणाऱ्या शेकडो जणांनी नकाशावरील आपापल्या स्थानांचे ठिपके जुळवून त्याच मैदानांवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे रेखली. एरवी धोक्याच्या जागी कोण उभे आहे हे सांगणाऱ्या त्या ठिपक्यांनी वाहिलेली ही आदरांजली म्हणजे, ज्यांची कथा चित्रपटाने सांगितली, त्यांनी तो आपला मानल्याची साक्ष होय.