फ्लॉरेन्सची छत्री

राजघराण्यातील व्यक्तीचे परदेशगमन हे राजकारणाचेच एक अंग होय. परंतु परराष्ट्राशी संबंध ठेवण्याचा अधिकारच ज्याला उरलेला नाही, अशा राजाने विलायतेस जाऊन काय साधावे? करवीरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा 1870 सालचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

महाराज मूळचे पाटणकर घराण्यातले, 1866 साली दत्तक आलेले, वयाने अवघे वीस वर्षांचे. समुद्रगमनाचा निषेध आज राळेगावच्या आपल्या ज्ञातिबांधवांना विनोद वाटेल. त्या काळी तो बहिष्काराचा विषय होता. सोबत कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. लंडनमध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, तशी दादाभाई नौरोजींचीही घेतली. त्यांची इंग्रजी रोजनिशी वेस्टसाहेबांनीच संपादून 1872 साली छापविली. तेव्हा छत्रपतींचे मनोगत आपल्यापर्यंत पोचते ते पालकाच्या चाळणीतून, हे ध्यानी ठेवावे.

परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. दहनाची तेथे चाल नव्हती. तरीही स्थानिक अधिकाऱ्यांनी अनुज्ञा दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदुरीतीने अग्निसंस्कार झाला. ज्या छत्रपतींना इटलीशी साधा करारही करता आला नसता, त्यांच्या चितेसाठी त्या देशाने आपला रिवाज बाजूस ठेवला! पुढे तेथे छत्री व अर्धपुतळा उभा राहिला. 1978 साली झालेल्या जवळच्या पुलासही 'इंडियानो' हेच नाव मिळाले.

अशा प्रवासांचे वजन इंग्रज सरकार ओळखून होते. 1900 साली लॉर्ड कर्झन यांनी परदेशगमनापूर्वी सरकारची अनुज्ञा घेण्याचे बंधन संस्थानिकांवर घातले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना ते विशेष झोंबले.