डोळस माणसाची शब्दांधता

सन १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यांत पॅरिस येथील एका ६८ वर्षांच्या निवृत्त व्यापाऱ्यास एकाएकीं वाचतां येईनासें झालें. गृहस्थ सुशिक्षित, वाचन आणि संगीत हीं त्याचीं आवडीचीं व्यसनें. वाणी स्पष्ट होती, बुद्धि शाबूत होती. छापील अक्षर मात्र परकें झालें. चष्म्याचा दोष असावा अशा समजुतीनें तो लँडोल्ट नांवाच्या नेत्रवैद्याकडे गेला.

अक्षरांचा तक्ता पुढें धरितांच खरा प्रकार उघडकीस आला. अक्षराचा आकार त्यास दिसे, तो पाहून तसाच काढतांही येई. पण नांव सांगतां येईना. रोमन लिपींतील ‘ए’ त्यास चित्रकाराच्या घोडीसारखा वाटे, ‘झेड’ सापासारखा, ‘पी’ बक्कलासारखा. आंकडे मात्र तो वाची व हिशेबही करी.

लँडोल्टनें त्यास ज्यूल देजरीन या मेंदूच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे पाठविलें. जर्मन वैद्य कुसमाउल यानें १८७७ सालींच अशा अवस्थेस ‘शब्दांधता’ हें नांव दिलें होतें. पण येथें आश्चर्य अधिक होतें. सांगितलेला मजकूर हा रोगी सहज लिही, आणि आपणच लिहिलेलें त्यास वाचतां येत नसे! अक्षरावरून बोट फिरविलें म्हणजे तें ओळखूं येई. डोळा विसरला होता. हात विसरला नव्हता.

अशा स्थितींत त्यानें चार वर्षांहून अधिक काळ काढिला. स्वरलिपीही वाचतां येत नसल्यामुळें नव्या चिजा तो ऐकून पाठ करी. जानेवारी १८९२ मध्यें दुसरा झटका आला. त्यांत लेखनशक्तीही गेली, आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला.

मरणोत्तर तपासणींत मेंदूवर दोन निरनिराळ्या इजा आढळल्या. जुनी इजा डाव्या मेंदूच्या मागील भागांत व दोन्ही अर्धांस जोडणाऱ्या सेतूच्या मागील टोकांत होती. नवी इजा डाव्या बाजूस, कानाच्या वर व किंचित् मागें होती. देजरीननें अर्थ लाविला तो असा: उजवा मेंदू पाहत होता, पण पाहिलेलें डाव्या मेंदूंतील भाषेच्या स्थानाकडे नेणारी वाटच तुटली होती. तें स्थान शाबूत होतें तोंवर लेखन टिकलें. दुसऱ्या झटक्यानें तेंही गेलें.

पुढील संशोधनानें या विवेचनांत दुरुस्ती केली. सन २००० मध्यें कोएन, देहान प्रभृति फ्रेंच संशोधकांनीं डाव्या मेंदूच्या तळाशीं शब्दांचें रूप ओळखणारा एक भाग दाखविला. लिपीचा शोध अवघा सुमारें ५,००० वर्षांपूर्वींचा. तेव्हां निसर्गानें वाचनासाठीं वेगळी जागा राखून ठेविली असणें संभवत नाहीं. प्रत्येक बालक अक्षरें गिरवितां गिरवितां ती जागा स्वतः घडवीत असतें.

म्हणूनच घरांतील वडीलधाऱ्यांस एकाएकीं वाचतां येईनासें झालें, तर चष्मा बदलण्यांत वेळ दवडूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. दोष डोळ्यांत नसून मेंदूच्या रक्तप्रवाहांत असूं शकतो, आणि तेथें प्रत्येक मिनिटास मोल असतें.