वसई : तटाच्या आत आणि बाहेर

वसईचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम चिमाजीअप्पा उभे राहतात, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्या नगराचा तट त्यांनी १७३९ साली जिंकला ते नगर त्यापूर्वी दोन शतके कसे नांदत होते, आणि विजयानंतर तेथील प्रार्थनामंदिरांचे व रयतेचे काय झाले, याविषयी आपली पाठ्यपुस्तके फारशी बोलत नाहीत.

हुमायूनच्या स्वारीने धास्तावलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये पोर्तुगीजांशी तह करून वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश त्यांना तोडून दिला; त्यात तेव्हा कोणाच्या खिजगणतीतही नसलेली मुंबईची बेटे होती. चौलपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्याचा कारभार पुढे येथूनच चाले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संन्यासी संघांनी तटाच्या आत आपापली चर्चे व मठ उभारले, आणि गावेच्या गावे सरदारांना तोडून देण्यात आली. कारागिरांना रात्री तटाच्या आत राहण्यास मज्जाव असे, असे जुने इतिहासग्रंथ सांगतात. ज्यांच्या हातांनी ते वैभव उभे राहिले त्यांना त्यात मुक्कामाचीही मुभा नसावी, हे त्या अमलाच्या स्वभावास धरूनच होते. याच अमलात देवळे पाडली गेली व धर्मांतरासाठी राजसत्ता राबवली गेली. तेव्हा आज या भिंतींचे निव्वळ कौतुक करीत फिरणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

तरीही त्या भिंती पाहण्याजोग्या आहेत. सेंट जोसेफच्या मुख्य चर्चचा उंच मनोरा अद्याप उभा असून, १६०१ साली, आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, त्या चर्चचा जीर्णोद्धार झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे छप्पर केव्हाच गेले आहे; जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर कुलचिन्हांच्या ढाली कोरलेल्या आहेत, आणि पावसाने व पावलांनी झिजलेली त्यांवरील अक्षरे तिरप्या उन्हात वाकून पाहिली तरच लागतात. कुठल्याशा उमराव घराण्याचा कर्ता पुरुष तेथे झोपला आहे आणि त्याच्या छातीवरून शेळ्या चरत जातात.

या मातीतला खरा कीर्तिवंत मात्र उमराव नव्हता. पोर्तुगीज पिता व स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानात गेला, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संतपदास पोहोचला. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथॉलिक संत.

१७३९ च्या मे महिन्यात, मराठ्यांनी सुरुंग लावून बुरूज उडवल्यावर पोर्तुगीजांचा किल्ला शरण आला. शरणागतांना कुटुंबकबिल्यासह व शस्त्रांसह गलबतांतून निघून जाण्याची सवलत मिळाली, आणि शंकराजी केशव सरसुभेदार झाले. चर्चच्या घंटा घाट चढून गेल्या : मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर १७०७ सालची, नाशकास नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बालयेशूची आकृती आहे, आणि भाविक ती निःशंक मनाने वाजवीत आले आहेत. पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला घेतला, साळबाईच्या तहाने तो परत आला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले.

राज्ये अशी गेली, पण तटाबाहेरची रयत जागची हलली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा मूळच्या समाजांतील ख्रिस्ती कुटुंबे केळी, पानवेली व भाजीपाला पिकवीत राहिली, सुकेळी वाळवीत राहिली, लोपीस व डिमेलो ही आडनावे लावून मराठीचीच बोलीरूपे बोलत राहिली. त्यांच्यातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो निघाले, ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले व २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. निर्मळला शंकराचार्यांची समाधी मानून कार्तिकात यात्रा भरते, आणि त्याच गावात क्रुसाचे चर्चही आहे.

म्हणून वसईस जाणाऱ्याने किल्ला पाहून लगेच परतीची गाडी धरू नये. भुईगाव, गास, निर्मळ या वाटेने वाड्यांतून चालत राजोडीच्या सुरूंपर्यंत जावे, आणि वाटेत एखाद्या आजीला तिच्या बोलीत दोन शब्द बोलायला लावावे; दगडांपेक्षा जुनी वसई तेथे ऐकू येते.