गोदावरी (नाशिक परिसरातील प्रवाह)

गोदावरीचा नाशिक जिल्ह्यातील वरचा प्रवाह. नदीची एकूण लांबी १,४६५ किमी.; उगम त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर. नाशिककर तिला बहुधा ‘गंगा’च म्हणतात. पात्र काळ्या कातळाचे असून सोमेश्वरला त्यावर धबधबा आहे. शहरात नासर्डी व वाघाडी, पुढे दारणा व कादवा तिला मिळतात.

घाट व कुंडे : पूर्वेकडे वाहणारी नदी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. पंचवटीचे माहात्म्य या वळणाशी निगडित आहे. १६९६ मध्ये बांधलेल्या रामकुंडाची दुरुस्ती पेशवे माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी १७८२ मध्ये केली. काठावरील नारोशंकराचे मंदिर १७४७ चे. त्याची घंटा प्रसिद्ध आहे. सुंदरनारायण मंदिर १७५६ चे असून कोरीव कामासाठी ते आवर्जून पाहावे. पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल आज अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. सिंहस्थ कुंभमेळ्यात वैष्णव आखाडे रामकुंडात, तर शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तात स्नान करतात (उदा., २००३ व २०१५). एरवीही अस्थिविसर्जन व श्राद्धकर्मे रामकुंडावर चालतात. पुराची खूण म्हणजे पात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती : पाणी तिच्या कमरेला, छातीला की डोक्यावर, यावर सराफ बाजारातील दुकाने कधी रिकामी करायची ते ठरते. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ चे पूर मोठे होते. कुंडांचे तळ काँक्रीटने झाकले गेल्याने त्यांतील जिवंत झरे बुजले, ही या घाटाची सर्वांत मोठी हानी होय. नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर काही ठिकाणचे काँक्रीट काढण्यात आले. सांडपाणी व पाणवेलींचा प्रश्न मात्र कायम आहे.

जलोपयोग : गंगापूर हे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, मूळ साठवण सु. ७.२ टीएमसी (अब्ज घनफूट), गाळामुळे आता सु. ५.६. शहराच्या (लोकसंख्या १४,८६,०५३–२०११) पिण्याच्या पाण्याचा हा मुख्य आधार आहे. खोऱ्यात द्राक्षे, ऊस व भाजीपाला होतो.

पक्षिजीवन : गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये ती अभयारण्य व २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने स्थलांतरित बदके, चित्रबलाक व कधी रोहितही दिसतात. याच बंधाऱ्यातून निघणारे कालवे कोपरगाव भागातील शेतीला पाणी देतात. तुटीच्या वर्षी जिल्ह्यातील धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावे लागते.