परवान्यानंतरची पहिली गाडी

मालवाहतुकीचा परवाना सरकार देतं, पण पहिली गाडी हाती देतो तो मालक. लाखो रुपयांचं वाहन आणि तितक्याच किमतीचा माल एखाद्या नवख्याच्या भरवशावर रात्री घाटात सोडायचा, तर परवान्याचं कार्ड त्याला पुरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात हे अंतर दोन गोष्टींनी भरून निघत असे: गाववाल्याचा शब्द आणि क्लीनरकी, म्हणजे ट्रकवर चालकाच्या हाताखाली राबणं. क्लीनरकी ही या धंद्याची खरी शाळा होती. कायद्यानं तिला शाळा म्हणून कधीच मानलं नाही, त्यामुळे ती मोडत गेली तेव्हा कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. नव्या चालकाला आज पहिली नोकरी मिळताना जी अडचण येते, तिचं मूळ इथे आहे.

मुळशीच्या लोकांना शब्दावर काम मिळण्याची रीत नवी नव्हती; ती स्थलांतरातून आली होती. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला, धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत चालला. तरीही धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. खोऱ्यातली भातखाचरं पाण्याखाली गेली. डोंगराळ जमीन आणि एका पावसाळी पिकावर घर चालेना, म्हणून इथली माणसं मुंबईची वाट धरत आली. मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांची माणसं एकवटली, कारण नव्या माणसाला आत घेताना त्याचं गाव आणि घर माहीत असणं हीच मोठी हमी होती. ट्रकच्या धंद्यातही हेच झालं. 'आपल्याच गावचा पोरगा आहे' एवढ्या शब्दावर मुलगा गाडीवर चढे. मात्र त्या शब्दानं त्याला स्टिअरिंग मिळत नसे, क्लीनरची जागा मिळे.

त्या जागेवर काम भरपूर आणि शिकवणी आडवळणाची. गाडी धुणं, ग्रीसिंग करणं, ताडपत्री ओढून दोर आवळणं, पंक्चर चाक उतरवणं, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावणं, मागे घेताना उतरून हात दाखवणं, जकात नाक्यावर कागद घेऊन धावणं. यातून गाडीची लांबी, मालाचा तोल, टायरचा अंदाज आणि इंजिनाचा बदललेला आवाज अंगात मुरत असे. पुढे उस्ताद, म्हणजे गाडीचा अनुभवी चालक, रिकाम्या गाडीवर, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग देई. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम ताम्हिणी घाटाच्या पावसात भरल्या गाडीनिशी पाहिल्याशिवाय खऱ्या अर्थानं कळत नाही. परवान्याच्या चाचणीत मात्र भरल्या गाडीनिशी घाट उतरावा लागत नाही. म्हणून क्लीनर परवाना काढून येई तेव्हा मालकाला तो नवखा वाटत नसे. उस्तादानं त्याला पारखलेलं असे आणि उस्तादाचा शब्द हेच त्याचं अनुभवपत्र होतं.

या शिक्षणाकडे राज्यव्यवस्थेनं कसं पाहिलं? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. प्रवासी वाहतूक सरकारकडे आल्यावर बसचालकाची भरती, चाचणी आणि प्रशिक्षण यांना लेखी नियम आले. मालवाहतूक खासगीच राहिली आणि तिथली भरती तोंडी राहिली. १९६१ साल त्याहून बोलकं आहे. त्या वर्षी संसदेनं दोन कायदे केले. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानं कारखान्यातल्या शिकाऊ मुलाला करार, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. मोटार वाहतूक कामगार कायद्यानं क्लीनरला कामगार म्हटलं, दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण तो काही शिकतो आहे हे कुठेच नोंदवलं नाही. शिवाय हा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून बाहेर राहिला, आणि बहुतेक क्लीनर अशाच मालकांकडे होते. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मालवाहू वाहनाच्या चालकाला किमान वीस वर्षं वय आणि शिकाऊ परवान्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना अशी अट घातली. पण ते वर्ष परवाना बाळगण्याचं आहे. त्या वर्षात मुलानं किती गाडी चालवली, हे कुणी विचारत नाही.

मग क्लीनरची कामंच कमी होत गेली. पॉवर स्टिअरिंग आणि ट्यूबलेस टायर आले. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. शिकणं हे या कामांच्या पोटात दडलेलं होतं. कामं कमी झाली तसा मालकानं क्लीनरचा पगार वाचवला, आणि त्या पगाराबरोबर शिकण्याची जागाही गेली. याच काळात हिंजवडी-माणचं आयटी पार्क, पिरंगुटचे कारखाने आणि डोंगरउतारावरची बांधकामं यांनी तालुक्यात मालवाहतुकीचं काम वाढवलं. म्हणजे चालकांची गरज वाढत असताना चालक घडवणारी जागा आटत होती.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा आहे. क्लीनरकी म्हणजे तुटपुंजा पगार, शिव्या, टपावरची झोप आणि कोवळ्या पोरांची पिळवणूक. ती गेली ते बरंच झालं. पिळवणुकीबद्दल हे म्हणणं पूर्ण खरं आहे, आणि जुनी पद्धत होती तशी परत आणा असं कुणीही म्हणू नये. पण कारखान्यातली उमेदवारीही एकेकाळी अशीच होती. तिथे कायद्यानं पिळवणुकीला आळा घातला आणि शिक्षण टिकवलं. ट्रकवर शिक्षण गेलं आणि जादा तास राहिले. दुसरा आक्षेप असा, की चालकांची टंचाई असताना नव्या माणसाला काम न मिळण्याचं कारणच काय? टंचाई आहे ती अनुभवी चालकांची. २०१९ मध्ये आठवी उत्तीर्ण असण्याची अट काढली तेव्हा परवान्याचं दार रुंदावलं, गाडीचं दार तेवढंच राहिलं. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: २००५ मध्ये टाटा एस हा छोटा ट्रक आला, तोच 'छोटा हत्ती' आता नवख्याची पहिली पायरी झाला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे कायम केलं. ही सोय मोठी आहे आणि तिनं अनेक घरं उभी राहिली. पण छोट्या हत्तीवर चालक पहिल्या दिवसापासून एकटा असतो. त्याची चूक दाखवायला शेजारी कुणी नसतं, आणि तिथली चार वर्षं सोळा चाकी गाडी घाटातून उतरवायला शिकवत नाहीत.

तेव्हा उपाय कायद्यानं १९६१ मध्ये कारखान्यासाठी दाखवला तोच आहे. परवाना मिळालेल्या तरुणाला अनुभवी चालकाच्या शेजारी ठरावीक तास, ठरावीक वेतनावर, भरल्या गाडीनिशी आणि घाटात चालवू द्यावं. त्या तासांची नोंद व्हावी आणि विमा कंपनीनं व मालकानं ती अनुभव म्हणून धरावी. शिकवणाऱ्या चालकालाही त्याचा मोबदला मिळावा, कारण पिढ्यानपिढ्या उस्तादांनी हे काम फुकट केलं. गाववाल्याचा शब्द ज्याला मिळे त्याचं भागत असे. ज्याचा कुणी वाली नाही तो गुणी असूनही बाहेर राही. नोंदलेली उमेदवारी त्यालाही आत घेईल. ज्या मुळशीच्या जमिनीवर आधी धरण आणि मग शहर वाढलं, तिथल्या तरुणांना त्या वाढीचा माल वाहून नेण्याचं कसब तरी रीतसर शिकायला मिळावं, ही मागणी जास्तीची नाही.